एका प्रचारपत्रकातील तीन वाक्ये

वाचकाचे पत्र : मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्याकडील एका उमेदवाराचे पत्रक घरोघरी वाटले गेले. त्यात तीन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या. पहिली, ‘४२ गावांत घरोघरी नळाचे पाणी पोहोचवले’. त्या यादीत आमच्या गावाचे नाव आहे. आमच्या दारात नळ आहे, परंतु त्याला आजवर मोजून चार वेळा पाणी आले आणि उन्हाळ्यात आम्ही टँकरवरच असतो. दुसरी, ‘दोन वर्षांत औद्योगिक वसाहत आणून पाच हजार तरुणांना नोकऱ्या देऊ’. तिसरी, ‘विरोधी उमेदवाराने पतसंस्थेतील गोरगरिबांच्या ठेवी बुडवल्या’. वस्तुतः ते गृहस्थ त्या पतसंस्थेचे संचालक कधीच नव्हते. पत्रक काढणारा उमेदवार निवडून आला. मी पत्रक घेऊन पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा ‘यात गुन्हा बसत नाही’ असे सांगून मला परत पाठवण्यात आले. मुलगा विचारतो की, केसांच्या तेलाची खोटी जाहिरात केली तर कंपनीवर कारवाई होते, मग यांच्यावर का नाही? माझा भाचा त्याच उमेदवाराचा कार्यकर्ता आहे. ‘मामा, निवडणुकीत एवढे चालायचेच’ असे तो म्हणाला, मी त्याच्या नेत्याला खोटारडा म्हणालो, त्यावरून आमचे वाजले आणि तेव्हापासून तो घरी आलेला नाही. मी फिर्याद करावी का? आणि अशा दाव्यांबद्दल पुढाऱ्यांवर खटले भरण्याचा कायदा असावा, असे आपल्याला वाटते का?

उत्तर :

आदरणीय गुरुजी,

पत्रासोबत तुम्ही त्या पत्रकाची छायाप्रत जोडलीत, हे फार बरे केलेत. ती समोर ठेवूनच हे उत्तर लिहितो आहे. ही तीन वाक्ये एकाच कागदावर, एकाच ठशात छापलेली असली, तरी कायद्याच्या लेखी त्या तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्या वाक्याने तुम्हाला सर्वांत जास्त दुखावले त्याविषयी आपला कायदा जवळजवळ काहीच बोलत नाही, आणि ज्याचा उल्लेख तुम्ही शेवटी केलात तेच त्याच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. म्हणून मी तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार, एखाद्या उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी खोटे विधान प्रसिद्ध करणे हा निवडणुकीतील ‘भ्रष्ट आचार’ आहे. त्यासाठी ते विधान वस्तुस्थितीचे असावे लागते, म्हणजे निव्वळ मत किंवा टीका असून चालत नाही. करणाऱ्याला ते खोटे आहे हे ठाऊक असावे लागते, किंवा निदान ते खरे आहे असा त्याचा विश्वास नसावा लागतो. आणि ते विधान विरोधकाच्या यशाला बाध आणण्याजोगे असावे लागते. न्यायालयांनी हे कलम वेळोवेळी गांभीर्याने वापरलेले आहे. राजस्थानातील एका विधानसभा निवडणुकीत प्रचारसभेत एक कविता म्हटली गेली आणि तिच्यात विरोधी उमेदवाराला सर्वांत मोठा चोर म्हटले होते. ‘कविता आहे, अतिशयोक्ती असणारच’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही आणि चोर म्हणणे हे चारित्र्याविषयीचे वस्तुस्थितिदर्शक विधानच ठरवले. ठेवी बुडवल्याचा आरोप तर त्याहून कितीतरी नेमका आहे. पतसंस्थेच्या संचालकांची यादी निबंधकांच्या दप्तरात असते, त्यामुळे आरोपाचा खरेखोटेपणा एका कागदाने सिद्ध झाला असता.

अशा वेळी निवडणुकीला आव्हान देणारी याचिका उच्च न्यायालयात करता येते, आणि ती करण्याचा अधिकार पराभूत उमेदवाराप्रमाणेच मतदारसंघातील कोणत्याही मतदाराला, म्हणजे तुम्हालाही, होता. त्यासाठी दोन हजार रुपये अनामत आणि आरोपांच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र लागते. मुदत मात्र निकालापासून ४५ दिवसांची असते. निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला, म्हणजे ती जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यातच संपली. फौजदारी बाजूने पाहिले तर हाच प्रकार भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली येतो, जे पूर्वी भारतीय दंड संहितेत १७१-जी होते. परंतु त्याला शिक्षा केवळ दंडाची आहे आणि गुन्हा अदखलपात्र आहे. पोलिसांनी तुमची अदखलपात्र नोंद करून तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगायला हवे होते. ‘गुन्हा बसत नाही’ हे तिसऱ्या वाक्यापुरते तरी चुकीचे उत्तर होते, आणि तुम्ही तेथून मान खाली घालून परतलात याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा असते त्याची दखल न्यायालयाला सहा महिन्यांच्या आतच घेता येते, त्यामुळे आता तोही रस्ता बंद झालेला आहे. उरतो अब्रुनुकसानीचा दावा, पण तो ज्यांच्यावर आरोप झाला त्यांनीच करायचा असतो, तुम्ही नव्हे.

दुसऱ्या वाक्याबद्दल थोडक्यात सांगतो. आश्वासन हे भविष्याविषयी असते आणि भविष्याविषयीचे वाक्य उच्चारताना खरे किंवा खोटे नसते. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये, जाहीरनाम्यातील आश्वासने कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरत नाहीत, असे सांगितले आणि निवडणूक आयोगाला याविषयी मार्गदर्शक तत्त्वे करण्याचा आदेश दिला. २०१४ च्या जाहीरनाम्यातील वचने पाळली नाहीत म्हणून पक्षाध्यक्षावर गुन्हा नोंदवावा, ही मागणी अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळली. मला हे दोन्ही निर्णय योग्य वाटतात. औद्योगिक वसाहत आली नाही, तर त्याचा जाब पुढच्या मतदानात विचारायचा. त्यासाठी फिर्याद नको.

आता तुमच्या नळाकडे येतो.

स्वतःच्या कामगिरीविषयी उमेदवाराने केलेला खोटा दावा कलम १२३(४) मध्ये येत नाही, कारण ते कलम दुसऱ्याच्या बदनामीपासून संरक्षण देण्यासाठी आहे. त्याचे मूळ इंग्लंडमधील १८९५ च्या कायद्यात आहे आणि तेथेही मतदाराची दिशाभूल रोखण्यापेक्षा उमेदवाराची अब्रू राखण्याचाच विचार प्रबळ होता. स्वतःविषयी खोटे सांगितल्याबद्दल आपल्याकडे एकाच ठिकाणी शिक्षा आहे, ती म्हणजे उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात. मालमत्ता किंवा गुन्हे यांविषयी खोटी माहिती दिली वा लपवली, तर कलम १२५-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे गच्चीवरचा फ्लॅट लपवला तर गुन्हा आहे, आणि ४२ गावांच्या पाण्याविषयी खोटे छापले तर काहीही नाही. ही उणीव खरी आहे आणि तुमचा संताप रास्त आहे.

परंतु या वाक्याकडे जरा जवळून पाहू या. जलजीवन अभियान १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले, आणि त्यात ‘कार्यरत नळजोडणी’ म्हणजे काय हे ठरवून दिलेले आहे : दरमाणशी दररोज किमान ५५ लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचे पाणी, नियमितपणे आणि दीर्घकाळ. या व्याख्येने तुमच्या दारातील तोटी ही नळजोडणी ठरतच नाही. पण दप्तरात ती चढते, कारण पाइप टाकला, तोटी बसवली, ठेकेदाराचे बिल निघाले आणि संगणकावर आकडा वाढला. पत्रक लिहिणाऱ्याने तो आकडा सरकारी दप्तरातून उचलला असेल, तर न्यायालयात तो सांगेल, ‘मी शासनाच्या आकडेवारीवर विश्वास ठेवला.’ आणि तो विश्वास खोटा होता हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होईल. पत्रकात ‘जोडणी’च्या जागी ‘पाणी’ हा शब्द घातला गेला. खोटेपणा त्या एका शब्दात आहे. प्रचारातील दिशाभूल बहुतेक वेळा अशीच असते. ती धादांत खोट्याच्या रूपाने येत नाही, तर खऱ्या आकड्याला चुकीचे नाव देऊन येते.

याच प्रकारचे जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण ब्रिटनमधील आहे. तुम्ही कायदा असावा का असे विचारले आहे, आणि तेथे हा प्रश्न थेट न्यायालयात गेला होता, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. युरोपीय संघात राहायचे की नाही यावर २३ जून २०१६ रोजी तेथे सार्वमत झाले. बाहेर पडण्याच्या बाजूने प्रचार करणाऱ्यांची एक लाल बस गावोगाव फिरत होती. तिच्यावर लिहिले होते की, आपण दर आठवड्याला युरोपीय संघाला ३५ कोटी पौंड पाठवतो, त्याऐवजी ते आपल्या सार्वजनिक आरोग्यसेवेवर खर्च करू या. आकडा पूर्णपणे कल्पित नव्हता. तो ढोबळ रकमेच्या जवळपास होता. पण ब्रिटनला मिळणारी सवलत त्यातून आधीच वजा होत असे, म्हणजे तेवढे पैसे प्रत्यक्षात कधी ‘पाठवले’ जातच नव्हते. तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने प्रचार चालू असतानाच हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले, तरीही बस फिरत राहिली. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये, त्या प्रचारातील एक प्रमुख नेते बोरिस जॉन्सन यांनी तोच आकडा पुन्हा लिहिला, तेव्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी तो अधिकृत आकडेवारीचा उघड गैरवापर असल्याचे त्यांना लेखी कळवले.

एका तरुणाने लोकवर्गणीतून पैसे उभे करून जॉन्सन यांच्याविरुद्ध खासगी फौजदारी फिर्याद केली. सार्वजनिक पदावर असताना गैरवर्तन, असा आरोप होता. लंडनच्या एका न्यायाधीशांनी २९ मे २०१९ रोजी जॉन्सन यांच्यावर समन्स काढले आणि दहा दिवसांच्या आतच, ७ जूनला, उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्यामागील दोन कारणे आपल्याही उपयोगाची आहेत. एक, प्रचारात बोलणारा माणूस पदावर असला, तरी त्या पदाचे काम करत असतो असे म्हणता येत नाही. दुसरे, निवडणुकीतील कोणते खोटे गुन्हा मानायचे हे संसदेने विचारपूर्वक ठरवले आहे, ते उमेदवाराच्या चारित्र्यापुरते मर्यादित ठेवले आहे, आणि आकडेवारीविषयीचे खोटे त्यात आणायचे असेल तर ते काम न्यायालयाचे नाही. याउलट, चारित्र्याविषयीच्या कलमाचा त्याच देशातील अनुभव पाहा. २०१० मध्ये फिल वूलस हे खासदार केवळ १०३ मतांनी निवडून आले होते. विरोधकाविषयी खोटी विधाने पत्रकांत छापल्याचे सिद्ध झाल्यावर निवडणूक न्यायालयाने त्याच वर्षीच्या ५ नोव्हेंबरला त्यांची निवड रद्द केली. निवडणुकीपासून निकालापर्यंत जेमतेम सहा महिने लागले.

आता तुमच्या मुलाच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो मुद्दा पक्का आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. ग्राहकांच्या हिताला बाधक अशा खोट्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. तेलाच्या बाटलीसाठी एवढा बंदोबस्त आणि पाच वर्षांच्या राज्यकारभारासाठी काहीच नाही, हे कोणालाही खटकेल. परंतु तेलाच्या बाबतीत एक सोय असते, जी निवडणुकीत नसते. तेल तपासणारा अधिकारी प्रतिस्पर्धी तेल कंपनीचा नोकर नसतो. निवडणुकीतील दाव्याचा तपास पोलिसांकडे गेला, तर पोलीस गृहखात्याचे असतात आणि गृहखाते निवडून आलेल्यांचे असते. तुमच्या तालुक्यात हा कायदा असता, तर पहिली फिर्याद कोणावर नोंदवली गेली असती? मला वाटते, ज्या विरोधी उमेदवाराने ‘४२ पैकी निम्म्या गावांत पाणी नाही’ असे म्हटले असेल, त्याच्यावर. सरकारी दप्तरात ४२ हाच आकडा आहे ना, मग खोटे तो बोलतो, असे ठरवणे किती सोपे होते!

ही भीती कल्पनेतील नाही. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयी इंटरनेटवरील कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारच्याच एका तथ्यतपासणी कक्षाने ठरवावे, अशी दुरुस्ती माहिती तंत्रज्ञान नियमांत २०२३ मध्ये करण्यात आली होती. कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये जानेवारी २०२४ मध्ये मतभेद झाला आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचे मत दिले. ज्याच्याविषयी बोलले जाते, त्यानेच बोलण्याचा खरेखोटेपणा ठरवू नये, हा त्या निकालाचा गाभा आहे, आणि गुरुजी, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्यातच दिसते.

शिक्षा तुरुंगाची असली की आणखी एक गोष्ट होते. दोन वर्षांची कैद ठोठावली गेली की लोकप्रतिनिधीचे सदस्यत्व जाते. राहुल गांधी यांना प्रचारसभेतील एका वाक्याबद्दल सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ रोजी अब्रुनुकसानीसाठी दोन वर्षांची शिक्षा सुनावली, दुसऱ्याच दिवशी त्यांची खासदारकी रद्द झाल्याची अधिसूचना निघाली, आणि ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर ती परत मिळाली. ते वाक्य योग्य होते की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. मधले चार महिने मात्र त्या मतदारसंघाला लोकसभेत प्रतिनिधीच नव्हता, आणि ते महिने कोणत्याही न्यायालयाला परत देता आले नाहीत. प्रचारातील प्रत्येक आकड्यासाठी असाच दरवाजा उघडला, तर जिल्ह्याजिल्ह्यातील न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर निवडणूक पुन्हा लढवली जाईल.

कायद्यात आधीच असलेले मार्गही किती खडतर आहेत, ते मी जवळून पाहिले आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या ज्येष्ठांकडे एक निवडणूक याचिका होती. आमच्याकडे एक पत्रक होते, आणि त्याच्या तळाची मुद्रकाच्या नावाची बारीक ओळ कोणीतरी कात्रीने सरळ कापून टाकलेली होती. छापखान्याच्या मालकाने साक्षीत तो कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि ‘हा ठसा आमचा नाही’ एवढेच सांगितले. गावातील सगळ्यांना ठाऊक होते की ठसा त्याचाच होता. पुढे तारखा पडत गेल्या, सभागृहाची मुदत संपली आणि याचिका निरर्थक ठरली. कायदा म्हणतो की अशा याचिका सहा महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा, आणि वास्तव असे असते. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मध्ये झाली. प्रचारसभांमध्ये धर्माच्या नावाने मते मागितल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द ११ डिसेंबर १९९५ रोजी आला. तोपर्यंत विधानसभेच्या दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या. जो न्याय मतदाराला पुढच्या मतदानाआधी मिळत नाही, तो त्या मतदाराच्या काय कामाचा?

म्हणून माझे मत असे आहे. दिशाभूल करणाऱ्या दाव्याबद्दल पुढाऱ्याला पोलिसांच्या हाती देणारा कायदा मला नको आहे. परंतु दावा चुकीचा असल्याचे कागदासह दाखवून दिल्यावरही जो तो मागे घेत नाही, त्याच्यावर कारवाई झाली पाहिजे, आणि ती मतदानापूर्वी झाली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यात १९८५ च्या निवडणूक कायद्यापासून साधारण अशीच व्यवस्था आहे. वस्तुस्थिती म्हणून केलेले, पण ठळकपणे चुकीचे आणि दिशाभूल करणारे विधान राजकीय जाहिरातीत असेल, तर निवडणूक आयुक्त ती मागे घ्यायला आणि दुरुस्ती छापायला सांगू शकतात. न ऐकल्यास न्यायालयाचा आदेश मिळवता येतो, शिक्षा दंडाची आहे, आणि त्या विधानाने निकालच बदलला असे सिद्ध झाले तर निवड रद्द होऊ शकते. मत, टीका, आश्वासन यांना त्यात हात लावलेला नाही. वेल्समध्येही जाणूनबुजून फसवणूक करणाऱ्या सदस्याला व उमेदवाराला स्वतंत्र न्यायिक प्रक्रियेने अपात्र ठरवण्याचा कायदा आणण्याचे वचन तेथील सरकारने जुलै २०२४ मध्ये दिले. माझा कल दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मार्गाकडे अधिक आहे, कारण त्यात माणसाच्या मनात काय होते हे सिद्ध करत बसावे लागत नाही. त्याला एक संधी मिळते, आणि ती संधी त्याने नाकारली की हेतू आपोआप उघड होतो.

आपल्याकडे असे काही आणायचे, तर आकड्यांचा निवाडा करणारी व्यवस्था सरकारपासून आणि पक्षांपासून अलग असली पाहिजे. उच्च न्यायालयाने नेमलेला निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि तीन दिवसांची मुदत एवढ्यावर सुरुवात करता येईल, असे मला वाटते. आणि त्याआधी, जे कलम हाताशी आहे ते तरी बळकट करावे. खोट्या प्रतिज्ञापत्राला किमान दोन वर्षांची शिक्षा आणि त्याबरोबर अपात्रता असावी, अशी शिफारस विधी आयोगाने फेब्रुवारी २०१४ मधील २४४ व्या अहवालात केली होती. कलम १२५-अ मध्ये आजही सहा महिनेच आहेत. येथे कठोर शिक्षेला माझी हरकत नाही, कारण प्रतिज्ञापत्र हे शपथेवर, सावकाश, वकिलाला विचारून लिहिलेले असते.

आता तुम्ही स्वतः काय करावे, ते सांगतो. फिर्यादीच्या मागे लागू नका. त्यात तुमचे पैसे आणि उमेद दोन्ही खर्च होतील आणि हाती काही लागणार नाही. त्याऐवजी पत्रकाच्या तळाची ओळ वाचा. कलम १२७-अ नुसार प्रत्येक प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापावेच लागतात, आणि तुमच्या प्रतीवर ती आहेत, शिवाय ‘प्रती १५,०००’ असेही छापलेले आहे. प्रकाशकाने दोन परिचितांच्या साक्षीने केलेले घोषणापत्र आणि पत्रकाची एक प्रत मुद्रकाने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे बंधनकारक असते. माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे त्या घोषणापत्राची प्रत मागा. म्हणजे पत्रकाची जबाबदारी कोणाची, हे उद्या कोणाला नाकारता येणार नाही.

दुसरा अर्ज जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे करा. ‘पाणी का येत नाही’ असे विचारू नका, त्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढेच उत्तर येते. नेमके विचारा : त्या ४२ गावांपैकी प्रत्येकात किती जोडण्या आहेत, योजना पूर्ण झाल्याचा दाखला कोणत्या तारखेचा आहे, शेवटचे बिल कधी निघाले, आणि गेल्या बारा महिन्यांत त्या गावांत टँकरच्या किती खेपा झाल्या. ज्या गावात योजना पूर्ण आहे आणि टँकरही चालू आहे, त्या गावांची यादी हेच तुमचे सर्वांत बळकट विधान ठरेल, आणि त्यात तुमचा एकही शब्द नसेल.

तिसरा कागद तुमच्याच ग्रामपंचायतीत आहे. जलजीवन अभियानात गावाला ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित करायचे, तर ग्रामसभेचा ठराव लागतो. तुमच्या गावाचे नाव यादीत आहे, म्हणजे असा ठराव झालेला असू शकतो. त्याची प्रत आणि उपस्थितीच्या नोंदवहीचे पान मागा. तो ठराव झाला असेल, तर प्रश्न उमेदवारापुरता राहत नाही. मग ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत, वस्तुस्थिती वेगळी असल्याचा नवा ठराव मांडावा लागेल, आणि तो तुमच्यासारख्या, गावाने ज्याच्या हाताखाली पाढे पाठ केले, अशा माणसाने मांडला तर तो नाकारणे कोणालाही जड जाईल.

राहिला तुमचा भाचा. पत्रकावरून तुमचे वाजले, त्या दिवशी तुम्ही त्याच्या नेत्याला खोटारडा म्हणालात, असे पत्रात ओझरते आले आहे. कार्यकर्त्याला ते स्वतःला म्हटल्यासारखे लागते. ती १५,००० पत्रके त्याच्यासारख्या मुलांनीच दारोदार टाकली आहेत, आणि त्याच्या आईच्या दारातही कोरडाच नळ आहे. त्याला बोलावून घ्या. टँकरच्या खेपांचे उत्तर आले की ते आधी त्याला वाचू द्या, पत्रक तुमच्या पिशवीतच राहू द्या, आणि ग्रामसभेतील ठरावाला अनुमोदन देशील का, एवढेच विचारा.